वरणाचं पाणी, प्लॅस्टिकचा तांदूळ आणि बारीक माणसाची शुगर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कुपोषण म्हटलं की आपल्याला फक्त मेळघाट आठवतं, आपल्या स्वतःच्या घरातलं ताट आठवत नाही. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली पण. त्यातली निवडक घेतेय. नावं कोणाचीच छापत नाहीये, फक्त गाव. आणि नेहमीचं सांगणं, हे वाचून कोणी आपापल्या गोळ्या स्वतःच चालू-बंद करू नका.

प्रश्न : माझी मुलगी ८ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २.६ किलो होती, आता ६.२ किलो. सहाव्या महिन्यात उष्टावण केलं तेव्हापासून रोज दोनदा वरणाचं पाणी आणि भाताची पेज देते, अंगावरचं दूध चालू आहे. सासूबाई म्हणतात दात आल्याशिवाय घट्ट काही द्यायचं नाही, घशात अडकतं. चहात बिस्कीट भिजवून देतात ते मात्र ती आवडीने खाते. नर्सबाई म्हणाल्या वजन कमी आहे. आमच्या घरात खाण्यापिण्याची काही कमी नाही हो, मग असं का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, घरात कमी नाहीये, बाळाच्या वाटीत कमी आहे. वरणाचं पाणी म्हणजे काय, तर डाळ शिजवायची, वरचं निथळ बाळाला आणि खालची डाळ आपल्याला! एवढंसं पोट असतं हो, एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं, आणि ती वाटीच पाण्याने भरली तर पोट फुगतं, बाळ झोपी जातं, आपल्याला वाटतं जेवली बाई पोटभर. जेवलेली नसते. हे सुखवस्तू घरात पण सर्रास चालतं, शहरात तर मिक्सरमधून काढून, गाळणीने गाळून देतात.

८ महिन्यांच्या मुलीचं वजन साधारण ८ किलोच्या आसपास असतं आणि ६.३ च्या खाली गेलं की ते कमी वजनात धरतात. म्हणजे तुमची लेक त्या रेषेच्या जरा खाली आहे. रडत बसण्यासारखं नाही पण 'होईल हळूहळू' म्हणत सोडून देण्यासारखंही नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा (सारखा खोकला, जुलाब, लघवीचं इन्फेक्शन असलं काही नाही ना ते कळेल) आणि वजन दर १५ दिवसांनी त्याच काट्यावर करा.

आता खायला. मूगडाळ-तांदळाची खिचडी मऊ शिजवून पळीने घोटायची, चमचा तिरका केला तरी ओघळून पडणार नाही इतकी घट्ट ठेवायची, आणि वाटीत वाढल्यावर वरून एक छोटा चमचा तूप किंवा तेल. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात, वरणाच्या पाण्याची अख्खी वाटी पाजली तरी तेवढ्या मिळत नाहीत. असं दिवसातून तीनदा, मधे एकदा कुस्करलेलं केळं नाहीतर उकडलेला बटाटा नाहीतर नाचणीचं सत्त्व. माठ, पालक, तांदुळजा जे असेल त्याची पानं चिरून खिचडीतच टाका. अंडं खाणारं घर असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून आत्ताच चालू करा, वर्षाची व्हायची वाट बघायची काही गरज नाही. मीठ-साखर वर्षाची होईपर्यंत नको. आणि मध अजिबात नको, गुटीच्या सहाणेवर चाटवतात तो पण नको, एवढ्या लहान बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

दातांचं म्हणाल तर हिरड्या पुरेशा असतात. नवीन घट्ट घास तोंडात गेला की बाळं सुरुवातीला ओकारी काढल्यासारखं करतात, जीभ बाहेर ढकलते, ते अडकणं नाही, ते शिकणं आहे. अडकतं ते अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष. चहा-बिस्कीट मात्र आजपासून बंद. बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल, आणि चहा काय करतो तर जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. वाढत्या बाळाला ह्याच्याइतकी वाईट जोडी शोधून सापडायची नाही.

तुम्ही एकट्या नाही आहात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी झाली त्यात ६ ते २३ महिन्यांच्या दर १०० बाळांपैकी फक्त ११ बाळांना वयाला साजेसं, पुरेसं आणि वेगवेगळं खायला मिळत होतं. उरलेली ८९ काही सगळी गरीबाघरची नव्हती. सासूबाईंशी भांडू नका, पुढच्या वजनाला त्यांनाच सोबत न्या, नर्सबाईंनी सांगितलेलं त्या ऐकतील, सुनेचं ऐकणं जरा जड जातं. आणि वरणाचं पाणी फेकायचं नसेल तर त्यात कणीक भिजवा.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडं रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे यायलेत. पाण्यात टाकले की वर तरंगतात, रंग पिवळट असतो, भाताचा गोळा करून आपटला तर उसळी मारतो. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पण आहे. आमची मंडळी एकेक दाणा वेचून बाहेर टाकते. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो वरूनच आलंय. खरं काय ते सांगा.
– एक काका, भोकर

उत्तर : काका, काकूंना सांगा वेचणं थांबवा, त्या नेमका औषधाचा दाणा बाहेर टाकतायत!

तो फोर्टिफाइड तांदूळ आहे. तांदळाचंच पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, आणि शेवया पाडतात तसं मशिनमधून दाबून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. हे दाणे साध्या तांदळात १०० ला १ ह्या प्रमाणात, म्हणजे किलोला १० ग्रॅम, मिसळलेले असतात. पिठाचे असल्यामुळे ते जरा हलके असतात, रंगाला वेगळे दिसतात, काही तरंगतात. गोळा उसळतो तो कुठल्याही चिकट भाताचा उसळतो, घरच्या इंद्रायणीचा करून बघा. दाणा जाळला तर जळतो असाही एक व्हिडिओ फिरतो, पण तांदूळ काय, ज्वारीपण जळते.

२०२१ च्या १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी ह्याची घोषणा केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत रेशन, अंगणवाडी, शाळेचं जेवण असं सगळीकडे तो आला. पण गावात कोणी येऊन नीट सांगितलंच नाही की बाबांनो हे असं असं आहे. एक दिवस अचानक पोत्यात वेगळे दाणे दिसले तर लोक घाबरणारच, ह्यात मी तुम्हाला दोष देत नाही. चार-पाचदा खळखळून धुऊ नका, एक-दोनदा धुवा, आणि भाताचं पाणी काढून टाकत असाल तर ते टाकू नका, आमटीत घाला.

आता ह्याने रक्त वाढतं का? थोडंफार. नियमाप्रमाणे किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. माणशी महिन्याला समजा ३ किलो तांदूळ पोटात गेला तर रोजचे ३-४ मिलिग्रॅम झाले, आणि बाईला रोज लागतं २९. म्हणजे हातभार आहे, इलाज नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ह्यापेक्षा रेशनवर दर महिन्याला न चुकता तूरडाळ किंवा मसूर दिली असती तर जास्त आनंद झाला असता, डाळीत नुसतं लोह नसतं, प्रथिनं पण असतात, आणि ती कोणी वेचून फेकत नाही.

एक अपवाद नीट वाचा. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा (दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार) पेशंट असेल (विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आहे) तर लोह मिसळलेल्या अन्नाबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. अशा लोकांसाठी पोत्यांवर सूचना छापायची की नाही ह्यावर तज्ज्ञांमध्येच वाद झालेत, त्यामुळे पोतं वाचून ठरवू नका.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे, रक्त (हिमोग्लोबिन) ८.६ निघालं. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या पण खाल्ल्या की मळमळतं, संडास काळी होते म्हणून सोडून दिल्या. शेजारच्या काकू सांगायल्या गोळ्यानं लेकरू काळं होतं आणि मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. त्यापेक्षा बीट, गूळ, खजूर खाल्लं तर चालंल का? दिवाळी झाली की आमचा कोयता (नवरा-बायकोची ऊसतोडीची जोडी) कारखान्यावर जाणार आहे, तिथं दवाखाना लांब असतो.
– ऊसतोड कामगार ताई, शिरूर कासार, जि. बीड

उत्तर : ताई, आधी काकूंचं. गोळीने लेकरू काळं होत नाही, रंग आईबापावर जातो. संडास काळी होते कारण गोळीतलं जे लोह अंगी लागत नाही ते तिथून बाहेर पडतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. आणि लेकराचं वजन जरा चांगलं भरलं तर आपल्याकडे आनंदच मानायचा, आपली अडचण मोठ्या बाळांची नाहीये, दोन-सव्वादोन किलोच्या बाळांची आहे.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं असं आपण धरून चाललोय. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅम पण नसतं. गुळाचा खडा खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅम. खावं, चांगलंच आहे, पण एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, आता तुम्हीच हिशोब करा किती गूळ खावा लागेल. त्या मानाने अळीव बरे, बाजरीची भाकरी बरी, हरभऱ्याचा पाला, तांदुळजा, चुका, मटकी-हुलग्याची उसळ बरी. आणि त्यावर लिंबू पिळायचंच, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. खात असाल तर अंडी, आणि कधी मटण केलं तर काळीज दुसऱ्यांना वाढू नका, स्वतःच्या ताटात घ्या.

पण ८.६ वर नुसत्या जेवणाने भागणार नाही, गोळी लागणारच. पोटुशा बाईला ११ च्या खाली रक्त गेलं की ॲनिमिया म्हणतात, ७ च्या खाली म्हणजे धोका. तुम्ही मधे आहात, आणि अशा वेळी सहसा रोज १ ऐवजी २ गोळ्या देतात, तुमच्या सिस्टरला हे विचाराच. मळमळतं त्याला उपाय आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊ नका, रात्री जेवण झाल्यावर झोपायच्या आधी घ्या, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि गोळी ह्यात कमीत कमी एक तास पाहिजे, आणि ती जी पांढरी कॅल्शियमची गोळी दिलीय ती लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही, मधे दोन तास जाऊ द्या. बऱ्याच बाया दोन्ही एकदम गिळून मोकळ्या होतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. दोन-तीन आठवड्यांत मळमळ बहुतेक कमी होते. महिन्याने परत रक्त तपासा, कमीत कमी १ ने वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर गोळीचा हट्ट सोडून शिरेतून लोह देतात, ते सरकारी दवाखान्यात फुकट होतं. सिकलसेल आणि बी-१२ चं पण एकदा विचारून घ्या.

कारखान्यावर जायचं म्हणताय. मला खरं तर 'जाऊ नका' असं लिहावंसं वाटतंय पण उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली असताना ते लिहून काय उपयोग, मुकादम काय मासिक वाचत नाही. तर मग निघायच्या आधी हे करा. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्या, पूर्ण कोर्स १८० दिवसांचा असतो. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीच्या तळाला न ठेवता हाताशी ठेवा. अंगणवाडीताईंना सांगून स्थलांतराची नोंद करून घ्या म्हणजे जिथे जाल तिथल्या अंगणवाडीतून आहार मागता येतो, तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. आणि कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापल्यावर दिवसभर फडात मोळ्या वाहून रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, हे जे चालतं ना, ते निदान ह्या चार महिन्यांत थांबवा आणि तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवा : पहिली भाकरी हिची. दम लागायला लागला, पायावर सूज आली, छाती धडधडली तर सुट्टीचा विचार न करता दवाखाना गाठा, १०८ ला फोन लावा.

प्रश्न : वय ३४, उंची १६८ सेमी, वजन ६२. आयटीत आहे, हिंजवडी. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९ आलं. मी जाड नाही, दारू-सिगारेट नाही, शाकाहारी आहे, गोड पण फार नाही. ऑफिसमधले १०० किलोवाले मित्र नॉर्मल आणि मला डायबेटिस? लॅबची चूक असेल का? आई म्हणते मी जन्मलो तेव्हा २ किलोचा होतो, ह्याचा काही संबंध?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रिपोर्ट परत करून घ्या, एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. पण चूक निघेल अशी फार आशा ठेवू नका. आणि आईंनी सांगितलंय ते ह्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

तुमच्याच पुण्यात, केईएम हॉस्पिटलमध्ये, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने ह्याच गोष्टीवर आयुष्य घालवलंय. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये बायकांचा अभ्यास चालू केला, गरोदरपणाच्या आधीपासून, आणि मग जन्मलेली मुलं वर्षानुवर्षं तपासत राहिले. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. पण गंमत अशी निघाली की आपल्या बाळांचे हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ तेवढीच टिकलेली! म्हणजे पोटात असताना अन्न कमी पडलं तर बाळ स्नायूंवर काटकसर करतं, चरबीवर करत नाही. पुढे हेच मूल मोठं होऊन खुर्चीत बसून पोळी-भात-बटाटा खायला लागलं की साखर जिरवायला स्नायू कुठेत?

२००४ मध्ये ह्याच याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तुमचा बीएमआय २२ येतो. आता कळलं ना मी कुठे चाललेय?

म्हणून आपल्यासाठी वजनकाटा अर्धवटच सांगतो. टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत पोट मोजा, पुरुषाचं ९० सेमीच्या आत पाहिजे, बाईचं ८०. (श्वास आत ओढून मोजू नका, सगळे मोजतात.) भारतात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात निघालं, आणि आणखी १३ कोटींच्या वर काठावर आहेत. हे सगळे काही मिठाईची दुकानं रिकामी करणारे नाहीयेत. वरच्या शिरूर कासारच्या ताई वाचल्यात ना, त्यांच्या पोटातल्या लेकराला आत्ता जे मिळत नाहीये त्याचं बिल तीस वर्षांनी असं कुठल्यातरी हिंजवडीत येतं.

तुम्ही काय करायचं. डॉक्टरांकडे जा, औषधाचं ते ठरवतील, आणि वजन आपोआप उतरत असेल, सारखी तहान-लघवी असेल तर लगेच जा, बारीक माणसात टाइप-१ सारखा वेगळा मधुमेह नाही ना हे बघावं लागतं. वजन कमी करायच्या नादी लागू नका, तुम्हाला स्नायू वाढवायचेत, म्हणजे नुसतं चालणं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका, वजन उचलणं. ताटात डाळ दुप्पट आणि पोळी-भात निम्मा करा, सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा. शाकाहारी आहात तर बी-१२ तपासून घ्या, याज्ञिकांच्या अभ्यासातल्या गावांमधल्या दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं आणि शहरातल्या शाकाहारी लोकांची पण फार वेगळी कथा नाहीये, दूध-दही सोडलं तर तुम्हाला ते मिळायचं कुठून. पुढेमागे लग्न केलंत, मूल हवं असेल, तर बायकोचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ आधी बघा. त्या अभ्यासात ज्या आया पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त वजनाची निघाली होती.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. घरी न्यायला जी पाकिटं देतो ती लोक शेळ्यांना घालतात आणि वरचे साहेब आम्हाला ओरडतात. दुसरं म्हणजे सॅममधलं (अतितीव्र कुपोषित) मूल एनआरसीला (पोषण पुनर्वसन केंद्रात) न्या म्हटलं की आई तयार होत नाही, १४ दिवस तिथे राहिलं तर घरची बाकीची पोरं कोण बघणार? आम्ही काय करायचं?
– धडगाव तालुका, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, शेळीला घालतात म्हणजे पाकिटाला चव नाही, एवढं साहेबांनी समजून घ्यावं. महिनोन्महिने तोच गोडमिट्ट वास असलेलं पीठ तुम्ही-आम्ही खाल्लं असतं का? काही ठिकाणी सेविका त्यात कांदा-मिरची-पालेभाजी घालून थालीपीठ करून दाखवतात, ते मुलं खातात, पण हा सगळा जुगाड तुमच्या गळ्यात पडतो हे मला मान्य आहे. त्यापेक्षा आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेलं गरम जेवण आणि मुलांना अंडी-केळी मिळतात ते कितीतरी बरं, अंडं शेळी खात नाही!

एनआरसीचं मात्र गंभीर आहे. आई वेडी नाहीये, तिचा हिशोब बरोबर आहे, घरी तीन पोरं आणि शेताचं काम. बुडीत मजुरी देतात पण ती उशिरा हातात आली तर त्या १४ दिवसांत चूल कशी पेटणार. म्हणून प्रत्येक सॅम मूल एनआरसीला पाठवायचा आग्रह धरू नका. दंडाचा घेर साडेअकरा सेमीच्या खाली आहे पण मूल खेळतंय, भूक आहे, तुमच्यासमोर वाटी संपवतंय, ताप-जुलाब नाही, अशा मुलाला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात सांभाळता येतं. पण खातच नाही, सुस्त पडून आहे, ताप-जुलाब आहेत, किंवा दोन्ही पायांवर सूज आहे, त्याला त्याच दिवशी हलवायचं, तिथे समजावत बसायला वेळ नसतो. सूज कशी बघायची तुम्हाला माहितीच आहे, तरी नवीन मदतनीस वाचत असतील तर : दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं, बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर सूज. असं मूल गुटगुटीत दिसतं, वजन पण बरं भरतं, आणि तिथेच सगळे फसतात.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे २५ च्या वर मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली आहेत आणि जवळजवळ ११ अतितीव्र, हे त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणातलं. आपण स्वतःला प्रगत राज्य म्हणवतो. तुम्हाला ओरडणाऱ्या साहेबांना हे आकडे दाखवा, आणि हो, एका काट्यावर, एका मोबाईल ॲपवर आणि तुटपुंज्या मानधनावर हे सगळं एकटी सेविका फिरवू शकणार नाही हे मी ह्या पानावर पुन्हा पुन्हा लिहीन.

प्रश्न : मुलाच्या शाळेत मधे अंडं देत होते, ते बंद झालं. का?
– पालक, बार्शी

उत्तर : नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, लोकवर्गणीतून करा म्हणाले. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात रोज अंडं असतं आणि तिथलं सरकार काही बुडालं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन मागणी लावून धरा. तोवर घरी उकडून द्या, परवडत असेल तर.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, बारीक आहे. डब्यातली पोळी तशीच परत येते. शाळेतून आली की वेफर्स, नूडल्स, कुरकुरीत पुड्या, पाच-दहा रुपयांत मिळतात. दुधात हेल्थ ड्रिंक घालून देते म्हणजे तेवढीच शक्ती. बारीकच आहे म्हटल्यावर हे खाल्लं तर काय बिघडतं?
– डोंबिवली

उत्तर : बारीक आहे म्हणून चालतं हे कुठून आलं? हिंजवडीवाल्यांचं पत्र परत वाचा. पुडीने भूक मरते म्हणून पोळी परत येते, इतकं साधं आहे ते. आणि ते हेल्थ ड्रिंक, त्यात पहिल्या दोन-तीन घटकांमध्ये साखर असते, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या नावाखाली ठेवू नका असं सांगितलं कारण कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. नुसतं दूध द्या, नाही आवडलं तर ताक द्या.

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलं (९.४ टक्के) आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झालीत. आणि हे फक्त अमेरिकेमुळे नाही, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्येही पुडीने फळ-भाजीची जागा घेतली म्हणून. चिलीने २०१६ पासून अशा पुड्यांवर समोरच मोठे काळे अष्टकोन छापायला लावले, साखर जास्त, मीठ जास्त असं सरळ लिहून. मेक्सिकोने २०२० मध्ये तेच केलं. आपल्याकडे २०२२ मध्ये स्टार द्यायचा प्रस्ताव आला, म्हणजे वेफर्सला पण दीड-दोन स्टार मिळणार आणि पोरं म्हणणार बघ आई स्टार आहे! मला तो प्रकार बिलकूल आवडलेला नाही.

शाळेतून आल्या आल्या जी भूक असते ती खरी भूक असते, त्या वेळी समोर तयार काहीतरी पाहिजे नाहीतर ती पुडीच उघडणार. फुटाणे-शेंगदाणे, दडपे पोहे, सकाळच्या पोळीचा कुस्करा, मुगाचं धिरडं. पूर्ण बंदी घालू नका, चोरून खाईल, आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या. आणि ती चौथीत असेल तर गुणाकार येत असेलच, पुडी उलटी करून मागचा तक्ता तिलाच वाचायला लावा. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे.